नमुन्याची वाट : पुण्याची विषाणू संस्था आणि आपला बुलढाणा जिल्हा

२८ मार्च २०२० रोजी बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात एका ४५ वर्षांच्या रुग्णाचा मृत्यू झाला. त्याच्या घशातल्या द्रावाचा नमुना नागपूरला गेलेला होता. अहवाल दुसऱ्या दिवशी आला, पॉझिटिव्ह. जिल्ह्यातला पहिला कोरोनाबाधित आणि कोरोनाचा पहिला बळी या दोन्ही ओळखी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या आणि दोन्ही त्याच्या पश्चात कळल्या.

त्या दिवसांत बुलढाण्याच्या नमुन्याला सुमारे साडेतीनशे किलोमीटर जावे लागे. काही आठवड्यांत अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा सुरू झाली आणि अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणीच आरटीपीसीआर तपासणीची सोय झाली. विषाणू तपासणीचा इतिहास सांगायचा तर तो या अंतराचा इतिहास म्हणून सांगावा, असे मला वाटते. हे अंतर कमी होण्याची सुरुवात मात्र २०२० मध्ये झाली नाही. ती १९५२ मध्ये पुण्यात झाली. म्हणून बुलढाण्याच्या वाचकांसाठी लिहिताना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेपासून आरंभ करतो.

अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने पीतज्वरावर बरीच वर्षे काम केले होते. त्यांचे शास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये पीतज्वराची लस सिद्ध केली आणि १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पीतज्वराचा प्रश्न आटोक्यात आल्यावर फाउंडेशनने डास, गोचीड आणि इतर कीटकांतून पसरणाऱ्या बाकीच्या विषाणूंकडे मोर्चा वळवला आणि निरनिराळ्या देशांत प्रयोगशाळा काढायचे ठरवले. भारतात त्यांना जोडीदार मिळाली ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आपण जिला आयसीएमआर म्हणतो ती. परिषदेची धुरा तेव्हा डॉ. चिं. गो. पंडित यांच्याकडे होती. फेब्रुवारी १९५२ मध्ये पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ उभे राहिले. डॉ. ऑस्टिन कर हे त्याचे पहिले संचालक. १९७८ मध्ये केंद्राला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा आणि आजचे नाव मिळाले. त्याच सुमारास डॉ. खुर्शीद पावरी संचालक झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला.

सुरुवातीच्या काळात विषाणू ओळखायचा म्हणजे काय करावे लागे, ते आज आरटीपीसीआरचा रिपोर्ट मोबाइलवर पाहणाऱ्या पिढीला सांगितल्याशिवाय कळणार नाही. रुग्णाच्या रक्तातला द्रव दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत टोचायचा आणि वाट पाहायची. पिल्लू आजारी पडले, लुळे झाले किंवा मेले, तर त्याचा मेंदू काढून वाटायचा, गाळायचा आणि दुसऱ्या पिल्लाला टोचायचा. आत काही जिवंत आहे याची खात्री झाली की मग ते काय आहे हे शोधायला निरनिराळ्या विषाणूंविरुद्ध तयार केलेले रक्तद्रव घेऊन जुळणी करत बसायचे. यात आठवडे जात, कधी महिनेही. तोवर रुग्ण एक तर बरा होऊन शेतात गेलेला असे किंवा नसे. अहवाल रुग्णाच्या उपयोगाचा नव्हताच. तो देशाच्या नोंदीसाठी होता. मूषकगृह, त्याची देखभाल, उणे तापमानाचे फ्रीझर, प्रशिक्षित माणसे हा सगळा पसारा प्रत्येक जिल्ह्यात उभा करणे अशक्य होते. त्यामुळे नमुना पुण्याला जायचा. बुलढाण्याहून म्हणाल तर चारशेच्या घरात किलोमीटर, तोही बर्फात.

एवढ्या संथ पद्धतीने त्या माणसांनी जे काम केले ते थक्क करणारे आहे. केंद्र सुरू झाल्या झाल्या स्मिथबर्न, कर आणि गटणे यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांचे रक्तनमुने तपासून १९५४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. युगांडाच्या जंगलात १९४७ मध्ये सापडलेल्या झिका विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे १९६ पैकी ३३ नमुन्यांत दिसली होती. मग झिका १९५२ च्या आधीपासूनच भारतात होता का? या प्रश्नाचे ठाम उत्तर त्या पद्धतीने देता येत नाही, कारण झिका आणि डेंग्यू एकाच घराण्यातले आहेत आणि त्यांच्या प्रतिपिंडांची एकमेकांत गल्लत होते. प्रतिपिंड म्हणजे शरीराने ठेवलेली आठवण, आणि ही आठवण भावंडांची नावे बदलून सांगू शकते. पुढे जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाची साथ आली, तेव्हा याच संस्थेने तिथल्या एका महिलेच्या नमुन्यात झिकाचे आरएनए शोधले. महाराष्ट्रातला हा पहिला झिका रुग्ण. त्या वेळी गल्लतीला जागा नव्हती. एकाच संस्थेच्या या दोन अहवालांत जवळपास सत्तर वर्षे आहेत, आणि विषाणूशास्त्रातला सगळा पालट या दोहोंमध्ये मावतो.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत ताप पसरला. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती. पुण्याच्या चमूने विषाणू वेगळा केला तेव्हा तो पीतज्वराचा नव्हता, नवाच होता आणि गोचिडीतून पसरत होता. जगाच्या पुस्तकात त्याची नोंद क्यासनूर फॉरेस्ट डिसीज अशी झाली. या विषाणूने संस्थेतल्या काही कर्मचाऱ्यांनाही गाठले. आजच्यासारखी सुरक्षित कॅबिनेटे आणि पीपीई किट तेव्हा नव्हती. आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात हा ताप आला तो बऱ्याच नंतर, २०१६ मध्ये.

विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध १९६५ चा. त्या वर्षी नागपुरात चिकुनगुनिया आणि डेंग्यूची साथ होती. तपासणीला आलेल्या नमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तात भट आणि रॉड्रिग्ज यांना या दोहोंपेक्षा निराळाच विषाणू मिळाला. ज्या गावातून नमुना आला त्या गावाचे नाव त्याला दिले गेले : चांदीपुरा. पुढची पस्तीस-एक वर्षे या विषाणूकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. कपाटात ठेवलेला एक किरकोळ विषाणू, एवढीच त्याची ओळख होती. २००३ च्या उन्हाळ्यानंतर आंध्र प्रदेशात लहान मुलांच्या मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुलांना लागण झाली आणि १८३ दगावली. मुले सकाळी तापाने फणफणत आणि एक-दोन दिवसांत हाताबाहेर जात. पुण्याच्या संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, पेशीसंवर्धन आणि आरटीपीसीआर या तिन्ही वाटांनी शोध घेतला, तेव्हा नागपूरजवळच्या त्या जुन्या विषाणूचे नाव पुढे आले. वालुमाशी त्याची वाहक. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत हीच साथ पुन्हा आली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार देशभरातल्या मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला. एवढ्या झपाट्याने मारणाऱ्या आजारात उंदराच्या पिल्लावर विसंबून चालत नाही. तिथे काही तासांत उत्तर देणारी तपासणीच लागते, हे विदर्भाच्याच विषाणूने सिद्ध केले, असे म्हटले तरी चालेल.

संस्थेच्या इतिहासातले एक काम मात्र सामान्य वाचकाच्या सहसा कानावर येत नाही. १९६७ मध्ये डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडीस डासांच्या अळ्यांपासून बाटलीत वर्षानुवर्षे वाढवता येतील अशा पेशी तयार केल्या. उंदरांऐवजी या डासांच्या पेशींवर विषाणू वाढवता येऊ लागला. जगभरच्या प्रयोगशाळांनी या पेशी नेल्या. डेंग्यूवर काम करणारे शास्त्रज्ञ आज ज्या सी६/३६ पेशी वापरतात त्या मूळच्या पुण्याच्याच वंशातल्या. माझ्या मते संस्थेची ही सर्वांत मोठी देणगी, पण साथ नाही, मृत्यू नाहीत, म्हणून बातमीही नाही.

आता न्यूक्लिइक आम्लाकडे वळू. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याचा मजकूर असतो, डीएनएचा किंवा आरएनएचा. हा मजकूर वाचता आला तर विषाणू वाढवत बसण्याची गरज उरत नाही. अडचण एवढीच की नमुन्यात तो अत्यल्प असतो. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये पीसीआरची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. डीएनएचे दोन धागे तापवून सुटे करायचे, प्रत्येकावर हव्या त्या जागी प्रायमर, म्हणजे सुरुवातीचा छोटा जुळणारा तुकडा, बसवायचा आणि विकराकडून नवा धागा विणून घ्यायचा. एका फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका रेणूच्या शंभर कोटींहून अधिक प्रती. दर फेरीला सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते आणि साधे विकर त्या उष्णतेत टिकत नाही. ते टिकाऊ विकर मिळाले अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जिवाणूतून. कोरोना, क्षय, एचआयव्ही यांच्या तपासण्या ज्यावर उभ्या आहेत ती गोष्ट कोणा शास्त्रज्ञाने केवळ कुतूहलापोटी खरडून आणलेल्या शेवाळी गाळातून आली.

लोणारकरांना यात नवल वाटू नये. जून २०२० मध्ये, जिल्ह्यातल्या नाकातले-घशातले नमुने बाहेरगावी चाललेले असतानाच, लोणार सरोवराच्या गुलाबी झालेल्या पाण्याचेही नमुने वन विभागाने तपासणीला दिले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे. त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झाले होते. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात तगून राहणाऱ्या या जीवांपैकी एखाद्याच्या विकरावर उद्या कोणती तपासणी उभी राहील, हे आज कोणी सांगू शकत नाही. लोणारकडे उल्का आणि मंदिरे यांपलीकडे पाहायला हवे, ते यासाठीही.

कोरोना, डेंग्यू, चांदीपुरा हे सगळे आरएनए विषाणू. पीसीआरला मात्र डीएनए लागतो. म्हणून आधी आरएनएवरून डीएनएची प्रत काढावी लागते. हे काम करणारे विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. आरटीपीसीआरमधली ‘आरटी’ अक्षरे त्याचीच. प्रत वाढत असतानाच चमकणारा प्रोब मिसळला की यंत्र दर फेरीला प्रकाश मोजते. किती फेऱ्यांनंतर प्रकाश ठरावीक रेषेच्या वर गेला तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. विषाणू जास्त असेल तर रेषा लवकर ओलांडली जाते, कमी असेल तर उशिरा. आयसीएमआरने कोरोनासाठी ३५ ही मर्यादा ठरवली होती. ती २४ वर आणावी का, अशी विचारणा २०२१ मध्ये महाराष्ट्राकडून झाली, तेव्हा परिषदेने नकार दिला. तसे केले असते तर कितीतरी बाधित ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी गेले असते. ज्यांच्या रिपोर्टवर हा आकडा छापलेला असे, ते तो परीक्षेतल्या गुणांसारखा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहत. हे निरर्थक होते. नमुना कसा घेतला, कधी घेतला, किती वेळ उन्हात राहिला यावरही तो आकडा हलतो.

पद्धत बदलली आणि त्याबरोबर प्रयोगशाळेचा आकारही बदलला. उंदीर नकोत, जिवंत विषाणू वाढवायला नको. नमुना विरघळवणाऱ्या द्रावणात पडला की विषाणू मरतो आणि पुढचे काम मजकुरावर चालते. तीन-चार वेगळ्या खोल्या, बायोसेफ्टी कॅबिनेट, डीप फ्रीझर, एक पीसीआर यंत्र आणि हात स्थिर असलेले दोन-चार तंत्रज्ञ एवढ्यात प्रयोगशाळा उभी राहते. ती पुण्यातच हवी असे कारण उरले नाही. १२ व्या पंचवार्षिक योजनेत आरोग्य संशोधन विभागाने देशभर विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांचे जाळे उभारायला घेतले. व्हीआरडीएल हे त्याचे लघुरूप. विदर्भात नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या मेयोत, ते आले. नमुना तिथे पोहोचू लागला तरी आपल्याकडून ते दूरच होते, पण पुण्याइतके नव्हे.

जाळ्याची खरी परीक्षा २०२० ने घेतली. त्याआधी २००९ च्या स्वाइन फ्लूने एक चुणूक दाखवली होती. पुण्यात ३ ऑगस्टला पहिला मृत्यू झाला आणि तपासणीसाठी रांगा लागल्या. महाराष्ट्रातून नमुने पुण्याच्या संस्थेकडे आले आणि एकाच दारावर राज्याचा भार पडला की काय होते ते सर्वांनी पाहिले. दहा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूचा संपूर्ण अनुक्रम जगापुढे ठेवला. अनुक्रम हाती आला की प्रायमर बनवता येतात. विषाणू पाहावा लागत नाही. ३० जानेवारी रोजी केरळमधल्या विद्यार्थिनीचा नमुना पुण्याच्या संस्थेने पॉझिटिव्ह ठरवला, तो देशातला पहिला रुग्ण. त्या वेळी ही तपासणी देशात पुण्यातच होत होती. मार्चअखेरीस पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या देशी किटला मान्यता मिळाली. डॉ. मीनल डाखवे-भोसले यांच्या चमूने ते तयार केले होते आणि संस्थेने ते तपासून पाहिले होते. जूनअखेर देशात एक हजार प्रयोगशाळा होत्या. पाच महिन्यांत एकावरून एक हजार. भारताच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढ्या झपाट्याने वाढलेले दुसरे काही मला आठवत नाही.

वऱ्हाडात अकोल्याची प्रयोगशाळा एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, मे महिन्यात अमरावतीला संत गाडगे बाबा विद्यापीठाने दुसरी उघडली. विद्यापीठाच्या इमारतीत असे काम चालावे, हे त्या वेळी अनेकांना धाडसाचे वाटले होते. मला ते योग्य वाटते : पीसीआर हाताळणारी माणसे आधीपासून तिथेच होती.

बुलढाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूर. तेरा तालुक्यांतून नमुने गोळा करायचे तर काम प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी सुरू होते. नाकातून स्वॅब किती खोल घालायचा, हे शिकावे लागते. स्वॅब व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रावणाच्या, नळीत मोडून टाकायचा, नळीवर नाव आणि क्रमांक नीट लिहायचा, अर्ज वेगळ्या पिशवीत ठेवायचा, तिहेरी वेष्टन करायचे, आइस पॅक घालायचे, दोन ते आठ अंशांत ठेवायचे. एप्रिल-मे महिन्यांतल्या आपल्याकडच्या उन्हात बर्फ किती टिकतो हे घाटाखालच्या माणसाला सांगायला नको. आरएनए नाजूक असतो. उष्णतेत तो तुटतो आणि मग जगातले सर्वोत्तम यंत्रही ‘निगेटिव्ह’ म्हणते. म्हणून प्रत्येक नमुन्यात माणसाच्या स्वतःच्या एका जनुकाचीही तपासणी होते. तोही सापडला नाही तर समजावे, नमुनाच नीट आलेला नाही. त्या काळात ‘रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना या साखळीची कल्पना नव्हती. पेटी घेऊन गेलेले वाहनचालक आणि रात्री उशिरा ती उघडून नोंद करणारे तंत्रज्ञ यांचे नाव कोणत्याही अहवालावर येत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वऱ्हाड पुन्हा बातम्यांत आले. अमरावतीत टाळेबंदी लागली, आपल्यासह शेजारच्या जिल्ह्यांत निर्बंध आले. आधीच्या डिसेंबरात देशात इन्साकॉग हे जनुकीय टेहळणीचे जाळे सुरू झालेले होते. पुण्याच्या संस्थेच्या डॉ. सारा चेरियन आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळातल्या महाराष्ट्रातल्या नमुन्यांचे अनुक्रम वाचले, तेव्हा एक नवे घराणे पसरताना दिसले, बी.१.६१७. त्याच्या काट्यावर, म्हणजे स्पाइक प्रथिनावर, एल४५२आर आणि ई४८४क्यू हे दोन बदल एकत्र होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. त्याच्याच एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढेच विचारले असते तर हे कळले नसते. नमुना एकच, पण तो कोणत्या घराण्यातला हे विचारायला मजकूर अक्षर अक्षर वाचावा लागतो. चिकुनगुनियाच्या बाबतीत संस्थेने हे आधी करून दाखवले होते : १९७३ ला सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आलेला विषाणू आशियाई घराण्यातला, आणि तीस वर्षांच्या शांततेनंतर २००५-०६ मध्ये परतलेला आफ्रिकी घराण्यातला. आजार तोच, पाहुणा वेगळा.

माणसांची साथ ओसरते न ओसरते तोच २०२२ च्या पावसाळ्यात गुरांची आली. ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि आपल्या जिल्ह्याला त्याचा जबर फटका बसला. जनावरांचे बाजार बंद करावे लागले. लम्पीचा विषाणू डीएनएचा, म्हणून आरएनएवरून प्रत काढायची पायरी लागत नाही. खपली, रक्त किंवा नाकातल्या स्रावावर थेट पीसीआर होतो. गुरांचे नमुने मात्र पशुसंवर्धन विभागाच्या वाटेने पुण्याला आणि भोपाळच्या प्रयोगशाळेकडे जातात. माणसाचा नमुना एका खात्याचा, बैलाचा दुसऱ्या, माकडाचा तिसऱ्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली ती ही कुंपणे काढण्यासाठी. ती लवकर चालू व्हावी, असे गोठा असलेल्या कोणालाही वाटेल.

या तंत्राला एक मोठी मर्यादा आहे आणि ती आपल्याच जिल्ह्याने पाहिली. प्रायमर म्हणजे शेगावच्या गर्दीच्या एसटी स्टँडवर नाव घेऊन मारलेली हाक : त्या नावाचा माणूस असेल तरच वळून बघेल. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. आयसीएमआरची पथके आली. पाणी, रक्त, केस, त्वचा सगळ्याचे नमुने गेले. विषाणूची एक ठराविक तपासणी करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. संशय कोणावर आहे हे आधी माणसाला ठरवावे लागते. यंत्र स्वतःहून संशय घेत नाही. अनोळखी आजारात म्हणूनच आता नमुन्यातला सगळाच मजकूर एकदम वाचण्याची पद्धत वापरतात, पण ती महाग आहे, वेळ घेते आणि आजही पुण्यासारख्या मोठ्या संस्थांतच चालते. जिवंत घातक विषाणू हाताळायची चौथ्या पातळीची सुरक्षित प्रयोगशाळाही पुण्यात पाषाणला २०१२ पासून आहे. ती बुलढाण्यात यावी, अशी मागणी कोणी करू नये. सगळेच जवळ आणायचे नसते. रोजची तपासणी जवळ असावी, धोक्याचे काम दूर आणि जाड भिंतींआड.

लहान ठिकाणी चालतील अशी यंत्रेही आता आहेत. गोव्यात वेर्णा येथे बनणारे ‘ट्रूनॅट’ बॅटरीवर चालते. क्षयरोगासाठी ते आधी आले, मग कोरोनासाठीही वापरले गेले. क्षयाच्या कामात मुरलेल्या तंत्रज्ञांना ते परके नव्हते. तरीही यंत्र आहे आणि कार्ट्रिज संपली, किंवा कार्ट्रिज आहे आणि माणूस नाही, हे चित्र आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोठेही पाहायला मिळते. साथीच्या काळात कंत्राटावर घेतलेली माणसे साथ संपल्यावर घरी गेली. प्रयोगशाळा टिकते ती रोजच्या कामावर. डेंग्यू, कावीळ, इन्फ्लुएन्झा, रक्तपेढीतल्या बाटल्यांची एचआयव्ही आणि यकृतशोथाची तपासणी हे काम तिला वर्षभर मिळत राहिले तरच पुढच्या साथीत ती पहिल्या दिवसापासून चालेल. नाही तर यंत्रावर आच्छादन पडते आणि हमीची मुदत संपते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाण्याचेही आहे, १०० विद्यार्थ्यांचे. वैद्यकीय महाविद्यालय आले म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आला, आणि जिल्ह्याला पहिल्यांदाच विषाणू तपासणीसाठी प्राध्यापक, तंत्रज्ञ आणि शिकणारी मुले असे कायमचे मनुष्यबळ मिळण्याची शक्यता निर्माण झाली. या विभागात व्हीआरडीएलच्या जाळ्यातली प्रयोगशाळा सुरू व्हावी आणि तिच्यात घाटाखालच्या तालुक्यांतून रोज नमुने आणणारे वाहन असावे, एवढी मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.

वाचकांना एक विनंती. २०२० आणि २०२१ मध्ये जिल्ह्यात नमुने घेणे, पोहोचवणे आणि तपासणे या कामात जे होते, त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढाव्यात. ड्युटीचे तक्ते, वाहनांच्या नोंदी, छायाचित्रे जपून ठेवावीत आणि रुग्णांची नावे वगळून त्यांच्या प्रती नव्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. पुण्याच्या संस्थेचा इतिहास निबंधांत नोंदला गेला आहे. बुलढाण्याचा अजून कपाटांत आणि मोबाइलमध्ये आहे, आणि मोबाइल दर तीन वर्षांनी बदलला जातो.